कमी खर्चात पाच माणसांचे पोटभर जेवण कसे करावे?
महिनाअखेरीस हात आखडता असताना पाच जणांना पोटभर काय करून घालावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अशा दिवसांत वरणफळांना, म्हणजेच चकोल्यांना तोड नाही, कारण डाळ आणि पोळी एकाच पातेल्यात शिजते, वेगळ्या भाजीची गरज उरत नाही आणि गॅसही वाचतो. एक वाटी तूरडाळ मऊ शिजवून घोटावी, तिच्यात पाच-सहा वाट्या पाणी, लसूण-जिऱ्याची फोडणी, चिंच आणि गूळ घालून खळखळून उकळी आणावी, आणि मगच तीन वाट्या कणकेच्या पोळ्या लाटून त्यांचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे एकेक करून सोडावेत. वरण उकळत नसेल तर ते एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो. तुकडा मोडल्यावर आत कच्ची पांढरी रेघ दिसली नाही, की फळे शिजली असे समजावे. तूरडाळ परवडत नसल्यास निम्मी मसूरडाळ घ्यावी. इतर दिवशी मटकी किंवा चवळीची उसळ आणि ज्वारीची भाकरी करावी. मोड मात्र घरीच आणावेत, कारण वाटीभर कोरडी मटकी मोड आल्यावर दुपटीहून अधिक होते.