एबीसीडी राहू दे, आधी तळ्यात-मळ्यात

लहान मुलांना इंग्लिश कसं शिकवायचं, यावर या खेपेला कोकण किनाऱ्याकडचेच प्रश्न जास्त आलेत, त्यातले चार घेतेय.

मुलगा साडेचार वर्षांचा, अंगणवाडीत जातो. शेजारची मुलगी इंग्लिश मीडियमला, फाडफाड बोलते. म्हणून आम्ही नवराबायकोने घरात इंग्लिशच बोलायचं ठरवलं, पण दोन वाक्यांपुढे आमचीच गाडी अडते. काय करू? (एक आई, दापोली)

नका करू ताई, प्लीज. आपल्यालाच जमत नाही ते अडखळत बोलत बसलात तर त्याला इंग्लिश येणं राहिलं बाजूला, तो तुमच्याशी गप्पा मारायचाच बंद होईल. 2020 चं शिक्षण धोरणसुद्धा या वयात घरच्या भाषेवरच भर देतं. घर मराठीतच चालू दे, इंग्लिशला दिवसातली पंधरा-वीस मिनिटं द्या पण ती खेळाची.

तळ्यात-मळ्यात खेळताच ना? अंगणात खडूने गोल काढा आणि तळ्यातला 'इन' म्हणा, मळ्यातला 'आउट'. सुरुवातीला तुम्हीच उड्या मारा, तो नुसता बघेल, बघू दे. मग स्पीड वाढवा, मधेच लागोपाठ दोनदा 'इन' म्हणा, तो फसतो, खिदळतो आणि शब्द बसला डोक्यात. पुढे पाट घ्या, 'ऑन', 'अंडर'. आणि 'शिवाजी म्हणतो' तर आयताच आहे, 'शिवाजी सेज, टच युवर नोज'! जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात हेच रीतसर मांडलं, टोटल फिजिकल रिस्पॉन्स म्हणतात त्याला. मूल आधी ऐकतं, ऐकलेलं अंगाने करून दाखवतं, आणि बोलतं ते त्याला वाटेल तेव्हा. त्यामुळे पाहुण्यांसमोर 'बोलून दाखव रे' हे बंद.

नात पहिलीत आहे. ए टू झेड घडाघडा म्हणते, स्पेलिंगं पाठ, पण साधं 'कॅट' वाचता येत नाही. (एक आजोबा, मालवण)

आजोबा, पोरीचं काही चुकत नाहीये. तिला अक्षरांची नावं येतात, आवाज येत नाहीत. आपल्याकडे क चं नावही क आणि आवाजही क, म्हणून 'कमळ' लगेच जुळतं. 'सी-ए-टी' कितीही भरभर म्हणा, त्यातून कॅट कुठून निघणार? त्यात इंग्लिशची अक्षरं 26 आणि आवाज साधारण 44, म्हणजे सगळं एकदम नकोच. एस, ए, टी, पी, आय, एन एवढी सहाच घ्या. यांच्यातच सॅट, पिन, टॅप, पॅन, टिन असे कितीतरी शब्द होतात.

काजूचा सीझन असेल तर मजाच. खळ्यात सहा गोल काढून एकेकात एक अक्षर लिहा, तुम्ही आवाज काढा, तिने त्या गोलात बी टाकायची, बरोबर पडली तर बी तिची. आवाज मात्र तोडून काढा हं, 'स' नाही तर 'स्स्स', 'ट' नाही तर नुसता 'ट्'. आपल्याला मागे अ लावायची सवय, मग पोर 'सॲट' म्हणत बसतं. दोन-तीन अक्षरं पक्की झाली की तुम्ही 'प्... इ... न्' म्हणा, ती पळत तीन गोल गाठेल आणि पिन म्हणेल. थोडं हरतही जा मुद्दाम.

पहिली-दुसरी एकाच वर्गात, साहित्य नाही. पालकांना वहीत लिहिलेलं दिसायला हवं. बहुतेक घरं मासेमारीची. (एक शिक्षिका, गुहागर तालुका)

बाई, 2000 सालापासून पहिलीला इंग्लिश आलं तरी पालकांच्या डोक्यात अभ्यास म्हणजे वहीच, ते इतक्यात जायचं नाही. साहित्य तर तुमच्या दारात आहे! वर्गात लिलाव लावा. शिंपल्या म्हणजे पैसे, मासे कागदाचे. ही पोरं रोज बंदरावर बघतात, आवाज चढवणं तुम्हाला शिकवावं लागणार नाही. 'हाऊ मच?' 'टेन!' 'नो नो, टू मच!' पहिलीवाल्यांनी नुसत्या शिंपल्या मोजायच्या, बोली दुसरीवाल्यांनी लावायची. बांगड्याला इंग्लिशमधे काय म्हणतात ते शोधत बसू नका, 'बिग बांगडा, स्मॉल बांगडा' पुरे. एक खोच आहे, 'थर्टीन' आणि 'थर्टी' पोरांना सारखंच ऐकू येतं, तर तेरा शिंपल्यांच्या जागी तीस मोजून घेऊ दे, घोळ झाला की कान आपोआप उघडतो. शेवटी प्रत्येकाने आपला मासा वहीत काढून खाली 'बिग' नाहीतर 'स्मॉल' लिहायचं. झाली वही.

(मोबाइलवरच्या राइम्सबद्दल तिघांनी विचारलंय. जागतिक आरोग्य संघटनेची 2019 ची सूचना आहे, 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर स्क्रीन नको, कमी तितकं बरं. गाणं तुम्हीच म्हणा, बेसूर चालेल.)

मुलगी 'माका वॉटर व्हया' म्हणते. सासूबाई हसतात, मला टेन्शन येतं. सुधारू का? (वेंगुर्ल्याहून)

टेन्शन कसलं, मस्त वाक्य आहे! 'असं नाही, असं म्हण' हे मात्र टाळा. 'यू वॉन्ट वॉटर? हिअर, वॉटर!' म्हणा आणि पेला हातात द्या. सासूबाईंना हसू दे, त्यांनाही एक-दोन शब्द येतील.