फायबरची जोडणी महिनाभर अडकली आहे, माणूस येतो आणि नुसता पाहून जातो. असं का होतं?

तुम्ही लिहिलंय की दोनदा माणूस आला, खांबावरचा डबा उघडला, 'पोर्ट नाही' म्हणाला आणि गेला. शेजाऱ्याकडे त्याच डब्यातून चालू आहे. मग हा आळस, की चहापाण्याची वाट? हे शेवटचं वाक्य वाचलं नसतं तर उत्तर लिहायला बसलो नसतो. शिडीवर चढलेल्या माणसाच्या हातात फार थोडं असतं, पण शिव्या सगळ्या त्यालाच पडतात.

शेजाऱ्याकडे चालू आहे हा तुमचा मुद्दा उलटा आहे. शेजाऱ्याकडे चालू आहे म्हणूनच तुम्हाला पोर्ट नसेल. डब्यात स्प्लिटर असतो, म्हणजे एका फायबरमधला प्रकाश अनेक वाटांत वाटणारा भाग, बहुधा १:८ किंवा १:१६. एक फायबर आत, आठ बाहेर, बाहेरची प्रत्येक जागा म्हणजे एक पोर्ट. आठ घरं जोडली की डबा संपला, आणि नववं घर तुमचं.

यावर हमखास प्रश्न येतो, मग अजून एक स्प्लिटर लावा की. त्यासाठी पॉवरचा, म्हणजे प्रकाशाच्या जोराचा, हिशेब बघावा लागतो. जोर डीबीएममध्ये मोजतात, वाटेतली घट डीबीमध्ये. जीपीऑन म्हणजे घरोघरी फायबर नेण्याची नेहमीची पद्धत. तिच्या नेहमीच्या बी-प्लस वर्गात एक्स्चेंजच्या टोकाच्या यंत्रातून म्हणजे ओएलटीतून साधारण +१.५ ते +५ डीबीएम प्रकाश निघतो. +३ धरू. वाटेत आधी १:४ आणि मग तुमच्या डब्यात १:८ असेल, तर दोन्ही मिळून सुमारे १७.५ डीबी गेले. चारेक किलोमीटर फायबरचा एक डीबी, कनेक्टर आणि जॉइंट मिळून दोन. घरात पोचतात वजा १७ ते वजा १८ डीबीएम. ओएनटी, म्हणजे तुमच्या घरातलं फायबरचं यंत्र, वजा २७ पर्यंत ऐकू शकतो, म्हणजे अंतर भरपूर दिसतं. पण त्याच आठातल्या एका पायावर, म्हणजे बाहेरच्या वाटेवर, आणखी एक १:८ लावला की अजून साडेदहा डीबी जातात आणि तुम्ही थेट वजा २८ वर येता. डबा लागला, दिवा लाल.

१:२ लावला तर साडेतीनच डीबी जातात, आणि ते चालतं. चालतं म्हणूनच ही खरी कटकट आहे. शेजाऱ्याच्या ड्रॉपवर, म्हणजे डब्यातून त्याच्या घरी जाणाऱ्या केबलवर, गुपचूप १:२ टाकून 'करून दिलं' म्हणणारे असतात. तुमचं नेट सुरू होतं, शेजाऱ्याची पॉवर साडेतीन डीबीने पडते, कागदावर या जोडाची नोंद कुठेच नसते. पुढे शेजाऱ्याने तक्रार केली की नवा माणूस येतो, अनोळखी स्प्लिटर दिसतो, काढून टाकतो, आणि तुमचं नेट बंद. वर पैसे देऊन पोर्ट मिळालं असं जे सांगतात त्यांचं बरेचदा हेच झालेलं असतं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं तरी काढून त्यांना दिलेलं असतं.

रीतसर उपाय म्हणजे मागून डब्यापर्यंत येणाऱ्या फीडर केबलमधली मोकळी कोअर, म्हणजे न वापरलेला फायबर, उघडून तिच्यावर नवा स्प्लिटर. त्यासाठी जॉइंट क्लोजर, म्हणजे केबलचे जोड ठेवलेली बंद पेटी, उघडावं लागतं, त्यातून आधीच चालू असलेली घरं जातात, म्हणून कामाची वेळ ठरवून घ्यावी लागते. ओएलटीवर पोर्ट शिल्लक लागतं. फीडरमध्ये कोअरच उरली नसेल तर नवी केबल, म्हणजे खोदाई किंवा खांब, म्हणजे परवानग्या. म्हणून कस्टमर केअरला 'कधी होणार' हे विचारून उपयोग नाही, त्यांच्या पडद्यावर एक तारीख असते आणि ती आपोआप पुढे सरकते. असं विचारा: माझ्या डब्याचा नंबर काय, त्यातली पोर्टं किती, भरलेली किती, आणि फीडरमध्ये मोकळी कोअर आहे की नाही. कोअर आहे म्हणाले तर थांबण्यात अर्थ आहे. नाही म्हणाले तर दुसरी कंपनी बघा.

आता 'पोर्ट नाही' खोटं असण्याची शक्यता. ती आहे, पण वेगळ्या प्रकारे. कनेक्शन सोडून गेलेल्या माणसाची केबल डब्यात तशीच खोचलेली राहते. नोंदीत पोर्ट रिकामं, डब्यात भरलेलं. याच्या उलटही होतं. लोक म्हणतात, मग बंद असलेली उपटा. कसं ओळखणार? स्प्लिटरच्या सगळ्या पायांवर खालचा, म्हणजे ओएलटीकडून घराकडे येणारा, १४९० नॅनोमीटरचा प्रकाश कायम असतो, कुणाचं कनेक्शन असो वा नसो. वापर आहे की नाही हे घराकडून वर जाणाऱ्या १३१० वरून कळतं, आणि त्यासाठी केबलमध्ये मधे बसणारा पॉन मीटर लागतो. केबल मीटरमधून वळवेपर्यंत ती लाइन तुटतेच. १३१० आला नाही तरी ते घर सोडलेलं आहे असं नाही, बाहेरगावी जाताना मेन स्विच बंद करणारी माणसं असतात. ओएलटीवर तो ओएनटी शेवटचा कधी दिसला ते बघून ऑफिसने पोर्ट क्रमांकासकट लेखी कळवलं, तरच शिडीवरच्या माणसाने हात लावावा. तो लावत नाही म्हणजे तो आळशी नाही, शहाणा आहे.

तुमच्या हातातलं एक काम आहे, ते लोक करत नाहीत: घरातली वाट तयार ठेवणं. पोर्ट मिळूनही परत गेलेल्या माणसांपैकी कितीतरी पाइपमुळे जातात. शाफ्टपासून, म्हणजे इमारतीतल्या केबलच्या उभ्या पोकळीपासून, तुमच्या भिंतीतल्या चौकटीपर्यंत पाइप आहे का, त्यात नायलॉनची दोरी सरकते का, हे आधी बघा. फिश टेप, म्हणजे पाइपात सारायची लवचिक पट्टी, घाला. अडली तर मोजा किती लांबीवर अडली, तिथेच बहुधा काटकोनी एल्बो असतो किंवा प्लास्टर गेलेलं असतं. टाल्कम पावडर चालते, तेल नको, केबलचं आवरण खराब होतं. केबल ओढताना दोरी आतल्या ताणाच्या तारेला बांधायची, फायबरला नाही, आणि गाठीवर टेप असा गुंडाळायचा की पुढचं टोक निमुळतं राहील. एकाने ओढायचं, दुसऱ्याने मागून सारायचं. पाइपात विजेच्या वायर असतील तर वेगळा पाइप शोधा. नाइलाजाने तोच घ्यावा लागला तर ड्रॉप केबलमध्ये स्टीलची तार नसून एफआरपीची (काचतंतूच्या प्लास्टिकची) काडी आहे याची खात्री करा, काचेतून वीज जात नाही पण स्टीलमधून जाते.

बाहेरून भिंत फोडायची असेल तर छिद्र बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवा आणि केबल आत शिरण्याआधी खाली एक झोका द्या, म्हणजे पाणी झोक्यावरून गळून पडतं, घरात येत नाही. मोकळ्या केबलला ८ मिलिमीटरचं छिद्र पुरे, कनेक्टर आधीच बसवून आलेली केबल असेल तर १२ च्या वर. इमारतीच्या समितीची परवानगी आणि शाफ्टची किल्ली माणूस यायच्या आदल्या दिवशी हातात पाहिजे. किल्लीवाला जेवायला गेला म्हणून परत गेलेल्या जोडण्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही, नोंदीत 'ग्राहक उपलब्ध नाही' असं पडतं.

ओएनटी कपाटात किंवा विजेच्या लोखंडी पेटीशेजारी बसवून घेऊ नका, वायफाय तिथेच मरतं. फायबर दहा मीटर पुढे नेल्याने काही बिघडत नाही, ती लांबी प्रकाशाला लागत पण नाही.

आता माझा खरा मुद्दा, ज्यावर वरिष्ठांशी आणि ठेकेदारांशी माझं कधी पटलं नाही. टोकाला फास्ट कनेक्टर, म्हणजे जागेवर दाबून बसवायचा कनेक्टर, लावायचा की पिगटेल, म्हणजे कनेक्टर आधीच बसवलेला फायबरचा तुकडा, स्प्लाइस करायची, म्हणजे वितळवून जोडायची? ठेकेदाराला पैसे जोडणीमागे मिळतात. फास्ट कनेक्टरला मशीन लागत नाही, म्हणून तो सगळीकडे. आत जेल असतं, फायबर त्यात दाबून धरलेलं असतं, नवा असताना लॉस, म्हणजे प्रकाशाची घट, ०.३ ते ०.५ डीबी. फ्यूजन स्प्लाइसचा लॉस ०.०५ च्या आसपास, आणि जोडावरची स्लीव्ह (संरक्षक नळी) तापवण्यासकट काही मिनिटांचं काम. फरक आकड्यात छोटा आहे. खरा फरक उन्हातल्या डब्यात कळतो. दिवसभर तापून रात्री निवणाऱ्या डब्यात फायबर जेलमध्ये मागेपुढे होतं, आणि मग 'दुपारी नेट जातं, संध्याकाळी येतं' अशी तक्रार येते जी माणूस संध्याकाळी आला की सापडत नाही. राउटर बदलतात, ओएनटी बदलतात, टोक कुणी बदलत नाही. निदान डब्यातला जोड स्प्लाइसचा मागा. नाही म्हणाले तर कारण विचारा, 'मशीन दुसऱ्या टीमकडे आहे' हेच उत्तर येईल, आणि तुमच्या उशिराचं एक कारण तेही आहे.

फास्ट कनेक्टरच लावत असतील तर बघण्यासारख्या दोनच गोष्टी. २५० मायक्रॉनचं कोटिंग सोलल्यावर उघडी १२५ मायक्रॉनची काच अल्कोहोलने पुसली का, आणि क्लिव्हरने (काच सरळ कापायच्या हत्याराने) कापली की स्ट्रिपरच्या (कोटिंग सोलायच्या हत्याराच्या) तोंडाने तोडली. तोडलेल्या टोकाचा कनेक्टर त्या दिवशी चालतो, नंतर नाही. आणि कनेक्टरचा रंग बघा. हिरवा म्हणजे एपीसी, टोक ८ अंशात तिरकं. निळा म्हणजे यूपीसी, सरळ. हिरव्यात निळा घुसतो, बसल्यासारखा वाटतो, टोकं मात्र नीट टेकत नाहीत आणि काही डीबी तिथेच जातात.

काम संपलं की सही करण्याआधी मीटरवरचा आकडा स्वतः बघा आणि फोटो काढा. वजा १५ ते वजा २२ उत्तम. वजा २५ च्या खाली असेल तर सही करू नका, आज चालू आहे म्हणून उद्या राहीलच असं नाही. वजा ८ पेक्षा जोरात असेल तर तेही चुकीचं, ओएनटीचे डोळे दिपतात. लाल प्रकाशाचं पेन लावून 'बघा, उजेड येतोय' म्हणणं म्हणजे मोजमाप नव्हे. तो फक्त तुटलंय का हे सांगतो, किती लॉस आहे ते नाही. आणि टोकात डोळा घालून बघू नका, कामाचा प्रकाश दिसत नाही पण डोळ्यात जातो.

ओएनटीवरचा 'LOS' म्हणजे प्रकाश येत नसल्याचा लाल दिवा बंद, 'पॉन'चा दिवा लुकलुकतोय आणि नेट नाही, तर फायबरला हात लावू देऊ नका. प्रकाश पोचलाय, सिरीयल नंबर ओएलटीवर चढलेला नाही किंवा चुकीचा चढलाय. नंबरात आधी चार अक्षरं असतात, मग आठ चिन्हं. या आठांत ० ते ९ आणि एफपर्यंतचीच अक्षरं येतात, म्हणजे तिथे दिसणारं गोल नेहमी शून्यच, ओ नव्हे. ८ आणि बी मात्र खरंच एकमेकांसारखे दिसतात. स्टिकरचा फोटो पाठवा, फोनवर वाचून दाखवू नका. पॉन स्थिर झाला आणि तरी नेट नाही, तर व्हीलॅन (जोडणीचा नेटवर्क क्रमांक) किंवा पीपीपीओईचं (कंपनीकडे लॉगिन करायचं) नाव-पासवर्ड बघायला सांगा. तेही ऑफिसचंच काम, शिडीचं नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. वरचे आकडे जीपीऑनचे आहेत. एक्सजीएस-पॉन (जीपीऑनच्या पुढची, वेगवान पद्धत) असेल तर खालचा प्रकाश १५७७ नॅनोमीटरचा, १४९० वर लावलेला मीटर तिथे भलतंच दाखवेल. वरचं उदाहरण १:३२ चं आहे, १:६४ चं जाळं असेल तर घरात पोचणारे आकडे तीनेक डीबीने खाली धरा. घराच्या आत, सावलीत, नीट कापून लावलेला फास्ट कनेक्टर वर्षानुवर्षं टिकतो हेही खरं, माझा राग उन्हातल्या डब्यापुरता. आणि घरी न येताच 'दार बंद होतं' असं लिहिणारे महाभागही आहेत. त्यासाठी वेळेच्या खिडकीत फोन चालू ठेवा, कॉलची यादी जपा, आणि तक्रारीचं तिकीट बंद झाल्याचा मेसेज आला की त्याच दिवशी तेच तिकीट पुन्हा उघडायला लावा. नवं तिकीट काढलंत तर तुमचा महिना पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जातो.