वाचकांचे प्रश्न : कादंबरी मनात का राहते?

प्रश्न : रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' वाचून बरीच वर्षं झाली. कथानक धड सांगता येत नाही, पण पारबतीचं बोलणं अजून कानात आहे. उलट गेल्या वर्षी वाचलेल्या सातशे पानांच्या ऐतिहासिक कादंबरीतलं काहीच आठवत नाही. असं का व्हावं? (अंबाजोगाई)

उत्तर : घटना विसरल्या जातातच. लढाई, फितुरी, स्वारी दहा पुस्तकांत सारखीच येते आणि एकीत दुसरी मिसळून जाते. बोलणाऱ्याचा आवाज मात्र असा मिसळत नाही.

'पाचोळा' १९७१ची. गंगाराम शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको पारबती सांगते. बोराडे लातूरकडच्या काटगावचे. त्यांनी बोली फक्त संवादांपुरती ठेवली नाही, निवेदनही तिच्यातच केलं. पुष्कळ ग्रामीण कादंबऱ्या नेमक्या इथे कमी पडतात. पात्रं बोलीत बोलतात आणि लेखक मधे येऊन प्रमाण भाषेत अर्थ सांगतो. मग वाचक लेखकाच्या बाजूला उभा राहून गाव बघतो. 'पाचोळा'त ती सोय नाही. पारबती सांगेल तेवढंच कळतं आणि तिलाही सगळं कळलेलं नसतं. नवऱ्याच्या मनात काय चाललंय याचा ती अंदाज बांधते, आणि तिच्या अंदाजापलीकडचं आपण बांधतो. वाचकानं स्वतः जोडलेला हा भाग सहसा विसरला जात नाही. तुमच्या त्या सातशे पानांत प्रत्येक पात्राला काय वाटलं हे लेखकानंच सांगून टाकलं असेल, तर जोडायला काही उरलंच नसणार.

एक साधी पारख करून बघा. पुस्तक मधेच कुठंही उघडा, नावं बोटानं झाका आणि दहा ओळी मोठ्यानं वाचा. कोण बोलतंय हे ओळखू आलं, तर ते पुस्तक बहुधा राहणार.

प्रश्न : 'कोसला' दोनदा हाती घेतली, दोन्ही वेळा पन्नासेक पानांवर सोडली. मित्र म्हणतात, आयुष्य बदलतं. माझं काय चुकतंय? (उदगीर)

उत्तर : आयुष्य बदलायचं म्हणून कुठलीही कादंबरी उघडू नका, अडखळायला तेवढं पुरतं. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ची. तिच्यात पुढं काय घडणार याची ओढ मुद्दामच ठेवलेली नाही. 'उदाहरणार्थ', 'वगैरे' हे शब्द परत परत येतात, आणि डोळ्यांनी भरभर वाचणारा तिथंच कंटाळतो. रोज १५-२० पानंच वाचा, त्यातली दोन मोठ्यानं. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला जातो. उदगीरहून संभाजीनगरला किंवा पुण्याला गेलेल्या मुलाला मेस, खोली आणि घरून येणारे पैसे यांचा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपर्यंत तरी जा. तोवरचा सगळा टवाळ सूर कशावर उभा होता, ते तिथं लक्षात येतं. त्यानंतरही नको वाटली तर खुशाल ठेवून द्या.

प्रश्न : आम्ही दहा जणींनी वाचनकट्टा सुरू केला. चर्चा 'छान आहे' इथंच संपते. (जिंतूर)

उत्तर : दहा ही संख्या योग्य आहे. बारांच्या वर गेलात की तिघी बोलतात आणि बाकीच्या ऐकतात. पुस्तक दीडशे-दोनशे पानांच्या आतलं घ्या. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) सुरुवातीला उत्तम. मास्तर परका म्हणून वाडीत येतो, आणि वाचणारीलाही वाडी त्याच्याच चालीनं कळत जाते. शेवटी दुष्काळानं वाडी उठते. ते वाचताना आपल्याकडच्या बायकांना बोलायला पुष्कळ असतं. पुरस्कार मिळालाय म्हणून जाडजूड ग्रंथानं सुरुवात केली की दुसऱ्याच बैठकीला निम्म्या जणी न वाचता येतात. सदानंद देशमुखांची 'बारोमास' नंतर घ्या आणि तिला दोन महिने द्या. ती बुलढाण्याकडची असली तरी कोरडवाहू शेतीचं तिच्यातलं दुखणं जिंतूरला परकं नाही.

प्रती तीन पुरतात. एका प्रतीवर तिघी-चौघी, प्रत्येकीला आठ दिवस, म्हणजे महिनाभरात सगळ्यांचं वाचून होतं. पहिला अर्धा तास 'आवडलं', 'नाही आवडलं' म्हणायला बंदी ठेवा. त्याऐवजी प्रत्येकीनं आठ-दहा ओळींचा एक उतारा पानाच्या आकड्यासह आणावा, वाचून दाखवावा आणि हाच का निवडला ते सांगावं. एकच उतारा दोघींनी आणला की चर्चा आपोआप पेटते. बोलीतलं पुस्तक असेल तर ती बोली जिच्या घरात आहे तिनं वाचावं.

आणखी दोन गोष्टी. चहाच्या पुढं फराळ वाढू देऊ नका. पुढच्या यजमानणीवर भार पडतो आणि कट्टे तिथंच मोडतात. सोयाबीन काढणीच्या दिवसांत बैठकच ठेवू नका.

प्रश्न : वाचलेलं लक्षात राहावं म्हणून टिपणं काढावीत का? (परतूर)

उत्तर : वाचताना नकोत. लांबलचक उतारे उतरवत बसलं की वाचन मागं पडतं. पुस्तक संपल्यावर दोन दिवस थांबा आणि मग ते न उघडता पाच ओळी लिहा. गोष्ट काय होती ते नको, काय उरलं तेवढंच: एखादं वाक्य, एखादी जागा, पटलं नाही असं काही. खाली तारीख टाका. पुस्तक स्वतःचं असेल तर शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं लिहा. वाचनालयाचं असेल तर वेगळ्या कागदावर. काही वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा वाचाल तेव्हा नव्या पाच ओळी आधी लिहा आणि जुन्या मग काढा. आधी जुन्या वाचल्या तर त्याच पुन्हा लिहिल्या जातात.

प्रश्न : 'बनगरवाडी'वर चित्रपटही आहे. मुलाला आधी काय द्यावं? (सेलू)

उत्तर : पुस्तक. अमोल पालेकरांचा चित्रपट (१९९५) जरूर दाखवा, पण नंतर. आधी पाहिला तर कारभाऱ्याचा चेहरा ठरून जातो आणि मुलाला तो स्वतः घडवता येत नाही. आठवी-नववीतल्या मुलाला पहिली दोन प्रकरणं तुम्ही वाचून दाखवा, म्हणजे बोलीशी झटापट करायची वेळ त्याच्यावर एकट्यावर येत नाही.