घड्याळ उलटं फिरतंय, फिरू दे

अरे, प्लाझा थिएटरात कालप्रवासाचा सिनेमा बघून निघाल्यापासून दादरच्या पुलापर्यंत तू एकच धरून बसलास, "पण असं होऊच शकत नाही!" नाहीच होत. तेवढं तिकिटाबरोबरच मान्य करून टाक. पुढे मात्र सिनेमाला त्याच्याच नियमांत पकड. 'बॅक टू द फ्युचर' (१९८५) बघ. त्यातल्या कालयंत्र बनवलेल्या गाडीने ताशी ८८ मैलांचा वेग गाठला की ती थेट १९५५ सालात. कशी, ते विचारू नकोस. नजर नायक मार्टीजवळच्या, भावंडांच्या फोटोवर ठेव. १९५५ मधल्या त्याच्या तरुण आईबाबांचं जुळेना, तशी त्यातली भावंडं पुसट होत जातात, आधी थोरल्या भावाचं डोकं. तिथे माझा जीव आजही वरखाली होतो. यंत्राचं गणित दुसऱ्यांदा बघताना सोडव, पहिल्यांदा नको.