नवरा रात्री समृद्धीने एकटा गाडी चालवतो, झोप आली की अलार्म देणारं फीचर खरंच कामाचं असतं का?

ताई, तुम्ही विचारलंय की मिस्टर कामासाठी रात्रीचे संभाजीनगरहून समृद्धीने नागपूरला एकटेच जातात, आता नवीन गाडी बघताय तर या फीचरसाठी वरचं व्हेरिएंट घ्यावं का, की आहे त्याच गाडीत बाहेरून काही बसवता येतं. आमचा टूर्सचा धंदा आहे, गाड्या याच रस्त्यावर रात्री असतात आणि दोन्ही प्रकार वापरून झालेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कामाचं आहे, पण ब्रोशरमध्ये एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकतात ते आधी बघा. एक असतं स्टिअरिंगवरून ओळखणारं. जागा माणूस सरळ रस्त्यावरसुद्धा स्टिअरिंग सारखं किंचित किंचित हलवत असतो, पेंग यायला लागली की ते हलणं थांबतं आणि मग एकदम दचकून झटक्यात गाडी सरळ केली जाते, हे गाडीचा कॉम्प्युटर पकडतो आणि मीटरवर कॉफीच्या कपाचं चित्र येतं. मर्सिडीजने हे २००९ ला आणलं, आपल्याकडे महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० च्या वरच्या व्हेरिएंटमध्ये २०२१ ला आलं. दुसरं कॅमेऱ्याचं. स्टिअरिंगच्या मागे किंवा बाजूच्या खांबावर छोटा इन्फ्रारेड कॅमेरा असतो, अंधारातही त्याला चेहरा दिसतो, बहुतेक गॉगलमधूनही डोळे दिसतात, आणि पापण्या एका मिनिटात किती वेळ जवळजवळ मिटलेल्या होत्या याचा तो हिशोब ठेवतो. मान खाली करून मोबाईल बघत असाल तर तेही पकडतो, जे स्टिअरिंगवाल्याला कळत नाही. तिसरे काही कॅमेरे फक्त पुढचा रस्ता बघतात, नागपूर महापालिकेच्या बसना आयरास्ते प्रकल्पात टक्कर व्हायच्या आधी इशारा देणारी यंत्रणा बसवली तसे, ते चांगलेच आहेत पण ड्रायव्हरचे डोळे मिटले हे ते सांगणार नाहीत. तेव्हा शोरूममध्ये सरळ विचारा, कॅमेरा ड्रायव्हरकडे बघतो का?

आता समृद्धीची खरी अडचण. तिथे सिग्नल नाही, वळण जवळजवळ नाही, १२० च्या स्पीडला करण्यासारखं काही उरत नाही, त्यात अडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीप्रमाणे वेग आपोआप कमी-जास्त करणारं) आणि लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये ठेवणारं) दोन्ही चालू केलं की गाडीच स्टिअरिंग सांभाळते आणि माणूस नुसता बसून राहतो, मग डोळ्यावर झापड यायला वेळ लागत नाही. वर लेन असिस्ट स्टिअरिंग फिरवत असलं की स्टिअरिंगवरून झोप ओळखणारी सिस्टीम गंडू शकते. १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, म्हणजे ३ सेकंद डोळा लागला तर १०० मीटर गाडी बिनड्रायव्हरची. म्हणून मिस्टरांना सांगा पहाटे २ ते ५ मध्ये लेन असिस्टच्या भरवशावर राहू नका. त्या वेळेला शरीर झोपच मागतं, कितीही सवय असली तरी.

आहे त्या गाडीत बाहेरून ड्रायव्हर कॅमेरा बसवता येतो, आमच्या गाड्यांत तोच आहे. बसवताना माणूस स्वतःच्या नेहमीच्या सीट पोझिशनला बसलेला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंगच्या वरच्या कडेत चेहरा झाकला जातो आणि कॅमेरा भलत्या वेळी बोंबलत राहतो. सुरुवातीला आमचे ड्रायव्हर त्याच्यावर रुमाल टाकायचे. कारण साधं होतं, त्यांना वाटायचं बीप वाजला की शेठ पैसे कापणार. मग आम्ही ठरवून टाकलं की बीपसाठी थांबून उशीर झाला तर एक रुपया कापणार नाही, पार्टीला मी उत्तर देईन, तेव्हा कुठे रुमाल निघाले.

कारण अलार्म झोप घालवत नाही हो, फक्त सांगतो. बीप वाजला की काच खाली, गाणी मोठ्याने, तोंडावर पाणी, हे सगळे करतात आणि १० मिनिटांनी परत तेच. आमच्याकडे नियम असा आहे की दुसरा बीप वाजला की पुढच्या पंपावर किंवा एक्झिटने बाहेर, चहा-कॉफी घ्यायची आणि लगेच सीट मागे करून २० मिनिटं झोपायचं. कॉफी चढायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर डुलकी होऊन जाते. पण कडेच्या पट्टीवर गाडी लावून झोपायचं नाही म्हणजे नाही, १५ ऑक्टोबर २०२३ ला वैजापूरजवळ टेम्पो ट्रॅव्हलर थांबवलेल्या ट्रकवर मागून आदळून १२ माणसं गेली ती याच रस्त्यावर.

युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नवीन गाडीत झोपेचा इशारा देणारी सिस्टीम सक्तीची आहे, आपल्या सरकारनेही २०२५ मध्ये बस-ट्रकसाठी तसा मसुदा काढला. माझं स्पष्ट मत, हे छोट्या गाड्यांनाही लागू व्हायला हवं, आणि सनरूफच्या आधी लोकांनी हे मागायला हवं.

बजेट ताणत असेल तर फक्त यासाठी वरचं व्हेरिएंट घेऊ नका. ज्या व्हेरिएंटमध्ये एअरबॅग, ईएससी (गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा) नीट आहेत ते घ्या आणि ड्रायव्हर कॅमेरा वेगळा बसवा, फक्त वायरिंग कापल्याने वॉरंटी जात नाही ना हे सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

आणि मोबाईलचं तर फुकटात होतं. आयफोन असो की अँड्रॉइड, ड्रायव्हिंग मोड ऑटोमॅटिक लावून ठेवा, मेसेज आपोआप अडतात. हँड्सफ्रीवर हात मोकळे राहतात पण डोकं बोलण्यातच असतं, म्हणून रात्री "कुठे पोचलात" विचारायला तुम्हीही फोन करू नका ताई, निघतानाच त्यांना गूगल मॅप्सवर लोकेशन शेअर करायला सांगा. ठिपका पंपावर थांबलेला दिसला तर झोपू द्या त्यांना.