परतीची वेळ सांग आणि पाळ

बाबू,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. कुडाळहून मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्यांना माणसं नेणाऱ्या तुझ्या गाडीला लोक येईनात, म्हणून भाडं उतरवू की एसी गाडी घालू, असं विचारतोस. दोन्ही नको. पाडव्याच्या रात्री चार पोरं फातोर्ड्याच्या बाहेर चायनीज खात बसली म्हणून अख्खी गाडी सव्वा तास थांबली आणि कुडाळला यायला दोन वाजले, ही गोष्ट तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीस. ती पहिल्या ओळीत यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. गाडीतल्या निम्म्या लोकांना सकाळी उठून बहिणीकडे जायचं होतं. त्यांनी तुला तोंडावर काही म्हटलं नाही, कारण आपली माणसं तोंडावर म्हणत नाहीत. पुढच्या सामन्याला ती फक्त येत नाहीत.

रोनाल्डोचं दुःख तू उगाच करतोस. त्याचा सौदीतला संघ अल नासर गोव्याशी खेळायला येणार म्हणून तू त्याचा फोटो लावून जाहिरात केलीस आणि तो संघाबरोबर भारतात आलाच नाही. पैसे परत मागणारे दोघे-तिघे निघाले, तू घाबरलास. अरे, रोनाल्डोचं येणं तुझ्या हातात होतं काय? त्यांच्या क्लबच्याही हातात होतं की नाही, देव जाणे. तुझ्या हातात गाडी आहे. शिवाय ज्यांनी सामना बघितला ते खूश होते. १-२ असे हरलो, पण ब्रायसन फर्नांडिसने, म्हणजे गोव्यातल्या आपल्या पोराने, अल नासरच्या जाळ्यात गोल घातला. बांद्याच्या बाजारात त्यावर अजून बोलणं चालतं. म्हणजे राग रोनाल्डोवरचा नव्हे. राग त्या सव्वा तासावरचा.

तू नक्की काय विकतोस ते आधी समजून घे. जायला तुझी गरज कोणालाच नाही. दिवसा मडगावला जायला रेल्वे आहे. नाहीतर एसटीने म्हापसा, पुढे गोव्याची कदंबा बस. यायला काय आहे? कोकणकन्या संध्याकाळीच मडगाव सोडते. साडेसातचा सामना साडेनऊच्या सुमारास सुटतो, तेव्हा मडगावच्या स्टँडवर आपल्या बाजूला येणारं काही नसतं. म्हणून पोरं मोटारसायकली काढतात. २०२२ च्या मार्चमध्ये फातोर्ड्याला आयएसएलची, म्हणजे देशातल्या फुटबॉल लीगची, हैदराबाद आणि केरळची फायनल होती. ती बघायला निघालेली केरळची दोन पोरं वाटेत, कासरगोड जिल्ह्यात, मोटारसायकलच्या अपघातात गेली. ती तर जातानाच गेली. आपली पोरं मध्यरात्री पत्रादेवी ते झाराप सुसाट येतात, डोळ्यांवर झोप, रस्त्यावर गुरं बसलेली. तुझी गाडी त्यांच्यासाठी आहे. तू परतीचा प्रवास विकतोस, आणि परतीच्या प्रवासाला वेळ नसेल तर तुझ्याकडे विकायला काहीच नाही.

म्हणून सांगतो: परतीची वेळ सांग आणि पाळ. आमदाराचा पुतण्या मागे राहिला तरी पाळ.

मी अशीच गाडी न्यायचो तेव्हा माझं काय झालं ते तू ऐकलं असशील, कारण कुडाळात ते सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे ते चुकीचं सांगतात. २०१५ ची फायनल. २० डिसेंबर, गोवा विरुद्ध चेन्नईयिन, फातोर्ड्यालाच. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर गोल मारला, आपण २-१ ने पुढे गेलो. स्टेडियम वेडं झालं होतं. मी त्याच वेळी उठलो, कारण माझा नियम होता की शेवटची शिट्टी वाजायच्या आत मी गाडीपाशी असणार. गेटबाहेर येऊन ड्रायव्हरला सांगितलं की तोंड रस्त्याकडे करून ठेव. तो गाडी मागे घेतोय, मी हाताने दाखवतोय, आणि आतला गलका एकदम बसला. आमच्याच गोलकीपरकडून चेंडू आत गेला होता. ड्रायव्हर म्हणाला, "काय झाला ओ?" मी उत्तर देईपर्यंत मेंडोझाने तिसरा मारला. जिंकलेली फायनल दोन-तीन मिनिटांत गेली आणि मी ती बसच्या मागच्या टायरकडे बघत ऐकली. फुटबॉलसाठी धंदा काढला आणि सामन्याची शेवटची दहा मिनिटं कधी धड बघायला मिळाली नाहीत, याची चुटपुट आहे. तुलाही ती लागणार. आवडत नसेल तर आत्ताच सोड.

तर त्या रात्री शिट्टीनंतर चाळीस मिनिटांनी गाडी सुटणार, असं सकाळी कुडाळला गाडीत उभं राहून मोठ्याने सांगितलं होतं. चाळीस मिनिटं झाली. माझ्या बहिणीचा मुलगा आणि त्याचा मित्र नव्हते. फोन लावला तर म्हणे, "मामा, पाच मिन्टां थांब मा, येतंव." पाच मिनिटं म्हणजे किती हे तुला आता कळलंय. गाडीत वेंगुर्ल्याचे दोघे खलाशी होते, त्यांना पहाटे समुद्रात जायचं होतं. एक बाई लहान मुलीला घेऊन आली होती, मुलगी मांडीवर झोपली होती. मी गाडी सोडायला सांगितली.

पोरं सकाळच्या कदंबाने म्हापशाला आणि तिथून एसटीने आली. धडधाकट आली. ताईने मला सख्ख्या भाच्याला परक्या गावात रात्रभर टाकून आलास म्हणून जे सुनावलं ते सुनावलं, आणि अजून आमच्या गणपतीला ती आली तर दर्शन घेऊन पाण्याचा घोटही न घेता जाते. मला वाईट वाटत नाही असं नाही. पण मी विचारतो, भाचा होता म्हणून थांबलो असतो तर दुसऱ्या सामन्याला त्या खलाशांच्या तोंडाकडे कसा बघणार होतो? तेव्हा मांडवीवर अटल सेतू नव्हता, जुवारीचा नवा पूल तर कागदावरच होता. आगशी-कुठ्ठाळीला एक ट्रक आडवा आला तरी दोन तास जात. तिथे मी किती मिनिटं उधळायची? मडगाव म्हणजे काही रान नव्हे, रेल्वे स्टेशन आहे, तिथे रात्रभर माणसं असतात, आणि त्या पोरांच्या खिशात पैसे होते. हे सगळं मी ताईला सांगितलंय. ती ऐकत नाही, तो भाग वेगळा.

त्या दिवसानंतर माझ्या गाडीला कोणी उशीर केला नाही, हे मात्र लिहून ठेव.

आता कामाचं. वेळ पाळायची तर नुसतं ओरडून पाळली जात नाही, तशी सोय करावी लागते. पोरं खायला पांगतात ना? मग खाणं गाडीत ठेव. जाताना बांद्याला एखाद्या घरगुती खाणावळीत चपाती-भाजीच्या पुड्या सांगून ठेव, मोठ्या थर्मासात कोकम सरबत घे, आणि दोन्ही भाड्यात धर. भुकेलं माणूस गाडीकडे धावत येतं, अनुभव आहे. गाडी कुठे उभी आहे त्याचा फोटो आणि लोकेशन सामन्याआधीच ग्रुपवर टाक, नंतर तिथे गर्दीत नेटवर्क मिळत नाही. प्रत्येकाला सीट नंबर दे आणि परत येताना डोकी मोजू नकोस, नंबर पुकार. डोकी मोजताना एखादा चढून उतरलेला असतो. बाद फेरीचा सामना असेल तर जादा अर्धा तास आणि पेनल्टी धरून दुसरी वेळ आधीच सांग. आणि वेळ घड्याळाची सांगू नकोस, शिट्टीपासूनची सांग, म्हणजे वाद राहत नाही.

बायका, मुली येत असतील तर कुडाळच्या आधी कोण कुठल्या फाट्यावर उतरणार आणि न्यायला कोण येणार, हे जातानाच विचारून ठेव. आणि न्यायला आलेला माणूस दिसल्याशिवाय गाडी हलवायची नाही. इथे मात्र थांब. हे थांबणं आणि चायनीजसाठी थांबणं एक नव्हे, हा फरक तुला कळतो असं धरून चालतो.

ड्रायव्हर दोन ने. दुपारी दोनला निघून मध्यरात्र उलटल्यावर येणं म्हणजे एका माणसाचं काम नव्हे. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा होता तोही दिवसाला आठ तासच म्हणायचा. तुझ्याकडे कामगार मोजकेच, तुला कायदा लागू होत नाही, असं तुझा तो हुशार मित्र सांगेल. कायदा लागू आहे की नाही ते झोपेला कळत नाही. पर्वरीला कोंडीत गाडी तासभर रखडली की पुढे म्हापशापासून ड्रायव्हरच्या माना टाकायच्या वेळा सुरू होतात.

बाटल्यांचं एकदाच सांगतो. गोव्यातली दारू डिकीत घालून इन्सुलीच्या नाक्यावर पकडली गेली तर बाटलीवाला बाजूला राहतो आणि गाडी अडकते. जाताना जाहीर कर, येताना डिकी स्वतः बघ. लाज वाटत असेल तर हा धंदा तुझा नव्हे.

कागदांचं तू काहीच विचारलं नाहीस, म्हणजे तिथेच गडबड असणार. तुझं परमिट कंत्राटी आहे, टप्पा वाहतुकीचं नव्हे. रस्त्यात हात दाखवला म्हणून माणूस घ्यायचा आणि सुटं तिकीट फाडायचं, हे तुला चालत नाही. ते एसटीचं काम. ग्रुपमधल्या एकाच्या नावाने पूर्ण गाडीचं बुकिंग कर, आणि सगळ्या प्रवाशांची यादी, कुठून कुठे जाणार ते धरून, गाडीत ठेव. ऑल इंडिया टूरिस्ट परमिटच्या २०२३ च्या नियमांत ती यादी लागतेच. तुला पुकारायलाही तीच लागणार आहे. झारापला उभ्या असलेल्या ओळखीच्या पोराला घेतलंस तर यादी खोटी झाली, आणि त्याच्यासाठी थांबलास म्हणजे वेळही खोटी झाली. कळतंय का मी पुन्हा पुन्हा कुठे येतोय ते?

भाडं असं धर की अर्ध्याहून थोड्या जास्त सीटा भरल्या की डिझेल, टोल, दोन ड्रायव्हर आणि खाणं निघालं पाहिजे. पैसे पूर्ण, आधी. अर्धा ॲडव्हान्स देणारा माणूस पाऊस आला की येत नाही.

आणि फुटबॉलसाठी कर्ज काढून गाडी घ्यायची, हे डोक्यातून काढ. पूर्ण हंगाम झाला तरी घरचे सामने डझनभर. २०२५ साली तर आयएसएल वेळेवर सुरूच झाली नाही, तुझा हप्ता मात्र वेळेवर सुरू झाला असता. आपल्याकडे अंडरआर्म क्रिकेटला जत्रेसारखी गर्दी होते. फातोर्ड्याला दर सामन्याला येणारी माणसं तालुक्यातून एक गाडीभर मिळाली तरी खूप. गाडीने लग्नं करावीत, गणपतीतले चाकरमानी आणावेत, मोपाच्या विमानतळाची भाडी मारावीत, आणि सामन्याच्या दिवशी फातोर्ड्याला जावं. मला लोक म्हणत, यात तुला काय मिळतं? पैसे फारसे मिळाले नाहीत. पण रात्री साडेबाराला कुडाळच्या नाक्यावर गाडी लागली की लोक घड्याळ बघून "बरोबर आलो हां" म्हणायचे, ते मला पुरायचं. हे तुला मूर्खपणा वाटेल. वाटू दे.

रोनाल्डोचा फोटो आजच काढ. त्या जागी मोठ्या अक्षरात परतीची वेळ लिही. पैसे मागणाऱ्यांना पैसे देऊ नकोस. पण सव्वा तास थांबलेल्यांना एकेक फोन कर आणि पुढच्या सामन्याला गाडी शिट्टीनंतर चाळीस मिनिटांनी सुटणार, एवढंच सांग. माफी मागत बसू नकोस, माफीने कोणी परत गाडीत बसत नाही. त्या चार पोरांनाही फोन कर. त्यांना नको म्हणू नकोस, वेळ सांग.

पुढच्या आठवड्यात मी घरीच आहे. परमिट आणि विम्याची फाईल घेऊन ये. विम्यात प्रवासी किती सीटांचे धरलेत ते बघायचंय, कारण तुझ्या फोटोत मधल्या वाटेत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या दिसल्या. त्या येतानाच काढून ये.

तुझा काका