जुनी फायबरची होडी घेतली आहे, तळाला चीर आहे. पंचगंगेत मासेमारीसाठी कशी दुरुस्त करू?

आधी इंजिन बसतं ती मागची फळी हातोडीने ठोकून बघा. भदभद आवाज आला तर आतलं प्लायवूड कुजलंय. ते बदला, चीर नंतर.

चिरेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच ग्राइंडरने उतरतं घासा, अ‍ॅसिटोनने पुसा. 450 ग्रॅमच्या (दर चौरस मीटरला) फायबरग्लास मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे, रेझिनमध्ये भिजवून तीन थर द्या, प्रत्येकातले बुडबुडे रोलरने काढून. किलोभर पॉलिस्टर रेझिनला 15-20 मिली हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव). जास्त झालं की तापून तडकतं. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव) वेगळं असेल तर आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा. हार्डनरमध्ये थेट कधीच नको, भडका उडतो!

कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे काम काढूच नका. ओलसर फायबरला थर धरत नाही, पापुद्रा सुटतो. मार्च-एप्रिल उत्तम.